वॉर्डातल्या शंकेचा शोधता येणारा प्रश्न कसा करायचा: परिचारिकांसाठी पिको पद्धत

नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत जुन्या प्रबंधांचं कपाट उघडलं की एकाच साच्याची शीर्षकं हाताला लागतात: अमुक आजाराविषयी अमुक गटाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून शिकवणं, मग पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात. वाढणारच. पण रुग्णाची सलाइनची सुई लावलेली जागा सुजायची थांबली का, बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) कमी झाले का, हे त्या दीडशे पानांत कुठेच नसतं. प्रश्न वॉर्डातून न येता मागच्या बॅचच्या प्रबंधातून आला की असंच व्हायचं.

पुराव्यावर आधारित नर्सिंगची सुरुवात प्रश्न नीट मांडण्यापासून होते. त्यासाठीची पिको ही चौकट स्कॉट रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये डॉक्टरांसाठी लिहिलेल्या एका लेखामुळे रूढ झाली. पी म्हणजे रुग्ण, आय म्हणजे आपण करणार ती गोष्ट, सी म्हणजे तुलना, ओ म्हणजे परिणाम. पुढे नर्सिंगवाल्यांनी तिला टी, म्हणजे कालावधी, जोडला. ही अक्षरं सगळ्यांना पाठ असतात, परीक्षेत टीप लिहून मार्कही मिळतात. घोडं पेंड खातं ते सी आणि ओ पाशी. म्हणून खाली त्या दोघांवर जास्त वेळ घालवला आहे, बाकीच्यांवर कमी.

पहिली पायरी: शंका आहे तशी लिहून ठेवा

युनिफॉर्मच्या खिशात छोटी वही ठेवा. "आपल्याकडे असंच करतात" हे वाक्य कानावर पडलं की ती बाहेर काढायची. आणखी एक हमखास जागा म्हणजे एकाच रुग्णालयातल्या दोन वॉर्डांत एकच काम वेगवेगळ्या पद्धतीने होतं ती. मेडिसिनला कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवलेली सुई, तिसऱ्या दिवशी काढतात, सर्जरीला आउट जाईपर्यंत, म्हणजे बंद पडेपर्यंत, ठेवतात. सुजलेल्या हातावर कुणी ग्लिसरीन-मॅगसल्फची पट्टी ठेवतं, कुणी थ्रोम्बोफोब मलम लावतं, कुणी बर्फ देतं. सगळेच बरोबर असतील असं नाही, पण सगळेच ठामपणे सांगत असतात.

लिहिताना भाषा घासूनपुसून घेऊ नका. अशी नोंद पुरते:

"सात नंबरच्या आजोबांची सुई चांगली चालू होती. सूज नाही, लाली नाही. तीन दिवस झाले म्हणून काढली. नवीन लावताना तीनदा टोचलं, शेवटी मनगटावर मिळाली. आजोबा म्हणाले, चालू होती ती का काढली? उत्तर देता आलं नाही."

एवढ्या चार ओळींत पिकोची चारही अक्षरं कच्च्या रूपात आलेली आहेत. पुढचं सगळं काम ती वेगळी करण्याचं.

दुसरी पायरी: माहिती हवी आहे की निर्णय घ्यायचा आहे?

फ्लेबायटिस (शिरेची सूज) म्हणजे नेमकं काय, तो कशामुळे होतो, व्हॅन्कोमायसिनने शीर का दुखते, हे माहितीचे प्रश्न. त्यांची उत्तरं पाठ्यपुस्तकात आहेत. त्यासाठी पिको मांडत बसू नये. दोन मार्ग समोर आहेत आणि त्यातला एक निवडायचा आहे, तेव्हाच पिकोला हात घाला. एक सोपी परीक्षा: उत्तर 'हो' आलं तर उद्याच्या ड्युटीत मी काय वेगळं करेन, आणि 'नाही' आलं तर काय? दोन्हीला एकच उत्तर येत असेल तर तो प्रश्न निर्णयाचा नाही.

तिसरी पायरी: प्रश्नाची जात ओळखा

उपाय कोणता चांगला, हा उपचाराचा प्रश्न. त्याला यादृच्छिक चाचण्या (चिठ्ठ्या टाकल्यासारखं रुग्णांना गटांत वाटून केलेल्या) आणि त्यांचे एकत्रित आढावे शोधावे लागतात. ही खूण किंवा हा स्कोअर खरं सांगतो का, हा निदानाचा. पुढे काय होईल, हा भाकिताचा. तिथे रुग्णांच्या गटामागे काही काळ जाणारे कोहोर्ट अभ्यास लागतात. कशामुळे अपाय झाला, हा कारणाचा. आणि हे सगळं रुग्णाला किंवा आईला कसं वाटतं, हा अनुभवाचा. त्याला मुलाखतींवर आधारलेले गुणात्मक अभ्यास लागतात. जात चुकली की शोधही चुकीच्या दिशेला जातो. आईच्या अनुभवाबद्दल विचारायचं आणि यादृच्छिक चाचण्या शोधत बसायचं, असं पुष्कळदा होतं.

चौथी पायरी: अक्षरं भरा, आजोबांची सुई हातात धरून

पी. नुसतं 'रुग्ण' पुरत नाही, कारण काही गोष्टींनी उत्तरच बदलतं. वय ही त्यातली मोठी गोष्ट. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांची कॅन्युला 72 ते 96 तासांपेक्षा लवकर बदलण्याची गरज नाही असं म्हटलं, तर लहान मुलांमध्ये ती गरज पडेल तेव्हाच बदला असं सांगितलं. म्हणजे पीडियाट्रिक आणि मेडिसिनचा प्रश्न एका वाक्यात कोंबता येणार नाही. याउलट "पुण्यातील शासकीय रुग्णालयातील साठ वर्षांवरील मधुमेही पुरुष रुग्ण" इतकं बारीक कातलं तर जगात कुणीच तसा अभ्यास केलेला सापडणार नाही. नियम असा ठेवा: जी बाब बदलली की शरीराचा प्रतिसाद किंवा धोका बदलेल, तीच पी मध्ये घ्या. गावाचं नाव उत्तर लागू करताना उपयोगी पडतं, शोधताना नाही.

आय. "गरज पडेल तेव्हाच कॅन्युला बदलणे." वाचायला सोपं वाटतं, पण गरज कुणी ठरवायची? इथे व्हिज्युअल इन्फ्यूजन फ्लेबायटिस स्कोअर, म्हणजे शून्य ते पाचचा व्हीआयपी स्कोअर, कामाला येतो. टोचलेल्या जागी दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन दिसली की स्कोअर दोन होतो आणि सुई बदलायची असते. म्हणून आय मध्ये हेही लिहा की प्रत्येक शिफ्टला एकदा जागा पाहून स्कोअर नोंदवला जाईल. ही ओळ गाळली तर 'गरज पडेल तेव्हा' याचा वॉर्डातला अर्थ 'कुणाच्या लक्षात येईल तेव्हा' असा होतो. एका नाइटला एकच सिस्टर चाळीस पेशंट पाहते, तिथे हा फरक फार मोठा आहे.

सी. इथे सर्वात जास्त थापा मारल्या जातात. "नेहमीची काळजी" असं लिहून लोक मोकळे होतात. नेहमीची म्हणजे कोणती? प्रोटोकॉलच्या फाइलमध्ये आहे ती, की प्रत्यक्षात होते ती? हे ठरवायला कुणाला विचारू नका, बघा. आठवडाभर रोज एका ठरलेल्या वेळी वॉर्डातल्या प्रत्येक कॅन्युलाच्या टेपवरची तारीख वाचा. टेपवर तारीखच नसेल तर तीही नोंद. फाइलमध्ये 72 तास लिहिलेले आणि टेपवर पाचवा दिवस चालू, असं निघालं तर प्रश्नच उलटा होतो: तुमची नेहमीची पद्धत 'गरज पडेल तेव्हा' हीच आहे, आणि नवी गोष्ट म्हणजे नियमाने बदलणं. सी चुकीचा लिहून काढलेलं उत्तर तुमच्या वॉर्डाचं नसतं, कागदावरच्या एका वॉर्डाचं असतं.

भाकिताच्या किंवा अनुभवाच्या प्रश्नात सी नसला तरी चालतो. ओढूनताणून भरू नये.

ओ. याच्यावर एक पूर्ण संध्याकाळ घालवली तरी चालेल. आधी मनात येतील ते सगळे परिणाम लिहून काढा: फ्लेबायटिस, सलाइन बाहेर झिरपणं, रक्तातला संसर्ग, किती वेळा टोचलं, वेदना, सिस्टरचा वेळ, नव्या कॅन्युलाचा खर्च. शेवटचा मुद्दा क्षुल्लक समजू नका. कॅन्युला बाहेरच्या मेडिकलमधून आणायची वेळ आली की त्याचे पैसे नातेवाइकांच्या खिशातून जातात. मग या यादीला तीन चाळण्या लावा.

पहिली, रुग्णाला याने फरक पडतो का? 'ज्ञानात वाढ' इथेच गळते, निदान रुग्णाच्या बाजूने. दुसरी, हे मोजणार कोण आणि कशाने? 'आराम वाटणे' असं लिहिलंत तर शून्य ते दहाचं वेदनामापन घालावं लागेल, आणि ते ड्युटीवरच्या सिस्टरला दोन मिनिटांत करता यायला हवं. तिसरी आणि सर्वात दुर्लक्षित: अपाय कुठे आहे? नव्या पद्धतीने काही बिघडणार असेल तर ते कशात दिसेल? तो परिणाम क्वचित होत असला तरी ओ मध्ये लिहिलाच पाहिजे.

शेवटी एक मुख्य परिणाम, एक-दोन दुय्यम, एक अपायाचा. सात परिणामांचा प्रश्न कुणीच पूर्ण करत नाही.

टी. कॅन्युला लावल्यापासून काढल्यानंतर 48 तासांपर्यंत, कारण काही वेळा शीर सुई काढल्यावर सुजते. कालावधीमागे असं कारण असावं. 'सहा महिने' हा प्रबंध सादर करण्याचा कालावधी असतो, रुग्णाचा नव्हे.

आता वाक्य: मेडिसिन वॉर्डातल्या प्रौढ रुग्णांमध्ये प्रत्येक शिफ्टला व्हीआयपी स्कोअर पाहून गरजेनुसार कॅन्युला बदलल्यास, दर 72 तासांनी नियमाने बदलण्याच्या तुलनेत, सुई काढल्यानंतर 48 तासांपर्यंत फ्लेबायटिसचं आणि रक्तातल्या संसर्गाचं प्रमाण वेगळं राहतं का? 'कमी होतं का' असं मुद्दाम लिहिलेलं नाही. उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारू नये.

ओ एका शब्दाने बदलला की काय होतं

याच प्रश्नावर 2012 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या रुग्णालयांतली चाचणी प्रसिद्ध झाली. 3283 रुग्ण होते. एका गटात गरजेनुसार बदल, दुसऱ्यात तिसऱ्या दिवशी नियमाने. फ्लेबायटिस दोन्हीकडे 7 टक्के. तुमच्या ओ मध्ये फक्त फ्लेबायटिस असता तर तुम्ही इथेच थांबला असता आणि दुसऱ्या दिवशी मेट्रनकडे जाऊन नियम काढून टाका म्हणाला असता.

पण 2021 मध्ये जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांतून वेगळी माहिती आली. तिथे नियमाने बदलणं सोडून गरजेनुसार बदलणं सुरू केलं होतं. चार लाखांहून जास्त कॅन्युलांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की धोरण बदलल्यानंतर कॅन्युलामुळे रक्तात होणारा संसर्ग वाढला, आणि जुना नियम परत आणल्यावर पुन्हा उतरला. आकडे एकूण छोटेच होते, आणि हा अभ्यास यादृच्छिक चाचणी नव्हता. धोरण बदलण्याआधी आणि नंतर काय घडलं याची ती नोंद होती. तरी रक्तातला संसर्ग इतका क्वचित होतो की काही हजारांच्या चाचणीत त्याचा फरक दिसणं अवघड, लाखोंच्या नोंदींत तो दिसू शकतो. अपायाचा ओ लिहिलेला असेल तरच हा दुसरा अभ्यास तुमच्या जाळ्यात येतो.

माझं मत विचाराल तर या दोन अभ्यासांमधली खरी कडी आय मध्ये आहे. चाचणी चालू असताना सुईची जागा नियमित आणि बारकाईने पाहिली जाते. रोजच्या धावपळीत ती तशी पाहिली जाईल याची हमी कोण देणार? म्हणून जिथे शिफ्टला एकदा जागा पाहणं जमत नाही, तिथे 72 तासांचा नियम घाईने काढू नये, असं मी म्हणेन.

पी जुळला नाही तर

दोन तासांनी कूस बदलायची हे आपण पहिल्या वर्षापासून ऐकतो. उत्तर अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये धोक्यात असलेल्या 942 वृद्धांवर 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्यात बेडसोअरच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. हे वाचून कुणालाही हायसं वाटेल. पण ते सगळे उच्च घनतेच्या फोमच्या गाद्यांवर होते. तुमच्या वॉर्डात मध्ये खोलगट झालेली गादी आणि त्यावर रेक्झिनचं कव्हर असेल, मावशींना कूस बदलायला दुसरं माणूस मिळत नसेल, तर तुमचा पी वेगळा आहे. गादीचा प्रकार पी मध्ये लिहिला असता तर ही गोष्ट शोधतानाच लक्षात आली असती. बेडसोअरचा धोका मोजणारा ब्रेडन स्कोअरही लिहा. 18 किंवा कमी म्हणजे धोका, असं साधारण धरतात.

उपचार नसलेले प्रश्न

2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यातून गुलियन बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक पुण्यातल्या रुग्णालयांत आले. अशा काही रुग्णांत श्वासाचे स्नायू हळूहळू थकतात, आणि ऑक्सिजनचं सॅच्युरेशन उतरतं ते फार उशिरा. वॉर्डातल्या सिस्टरपुढचा प्रश्न होता: व्हेंटिलेटर लागेल हे आधी कशावरून कळेल? बिछान्याशी करता येणारी एक तपासणी म्हणजे खोल श्वास घेऊन एका श्वासात, साध्या आवाजात, आकडे मोजायला लावणं. वेग सेकंदाला साधारण दोन आकडे. काल तीसपर्यंत जाणारा माणूस आज पंधराला अडतोय, तर कॉल द्यायला हवा.

हा भाकिताचा प्रश्न असा मांडता येईल: गुलियन बारे सिंड्रोमच्या, अजून व्हेंटिलेटरवर नसलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये एका श्वासातली आकडेमोज कमी असणं, किंवा रोज उतरत जाणं, हे पुढच्या काही दिवसांत व्हेंटिलेटर लागण्याचं भाकीत करतं का? इथे आय म्हणजे उपाय नाही, ती एक खूण आहे. सी हवा असेल तर स्पायरोमेट्रीवरची फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी (खोल श्वास घेऊन जोराने बाहेर टाकलेली हवा) घ्या. कालावधी मात्र हवाच, कारण 'कधीतरी लागेल' हे भाकीत नव्हे.

अनुभवाच्या प्रश्नाला पिकोचं थोडं वेगळं रूप आहे: लोक कोण, कोणती गोष्ट अनुभवतात, आणि कोणत्या परिस्थितीत. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी ठेवण्याची कांगारू पद्धत जीव वाचवते हे सिद्ध आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ती जन्मानंतर लगेच सुरू करायला सांगितली. मग आई दोन तासांत बाळ खाली का ठेवते? सिझेरियनची जखम दुखते म्हणून, सासूबाई बघतायत म्हणून, की आडोसा नाही म्हणून? याचं उत्तर टक्क्यांत मिळत नाही. प्रश्न असा: सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डातल्या, कमी वजनाच्या बाळांच्या मातांना कांगारू पद्धत चालू ठेवण्याचा अनुभव कसा येतो?

आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामी येतात, तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेतल्या शिबिरांत विद्यार्थिनींची ड्युटी लागते. पायाचे फोड फोडून ड्रेसिंग करायचं की तसेच झाकायचं, यावर तिथे दरवर्षी वाद होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं असलेला माणूस हा पी, आणि 'पुढचा टप्पा चालता आला का' हा ओ. सरावाला याहून चांगला विषय मिळणार नाही.

शोधायला बसताना

पबमेड हा वैद्यकीय लेख शोधण्याचा ऑनलाइन साठा फुकट आहे, कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचे सारांशही. पिकोच्या प्रत्येक अक्षरासमोर इंग्रजी शब्दांचा एक रकाना करा आणि समानार्थी शब्द घाला. बेडसोअर, प्रेशर अल्सर, डिक्युबिटस अल्सर आणि 2016 नंतर रूढ होत गेलेलं प्रेशर इंज्युरी, असे चार शब्द एकाच जखमेला आहेत. एक गाळला की काही अभ्यास सुटतात. एका रकान्यातले शब्द 'ऑर'ने जोडायचे, दोन रकाने 'अँड'ने, आणि हे दोन्ही शब्द कॅपिटलमध्ये टाइप करायचे.

सुरुवात फक्त पी आणि आय ने करा. ओ लगेच टाकला तर चांगले अभ्यास निसटतात, कारण सारांशात प्रत्येक परिणामाचं नाव असेलच असं नाही. हजारो निकाल आले तरच ओ जोडा. शून्य आले तर बहुधा पी फार बारीक कातलेला असतो. पबमेडमध्ये क्लिनिकल क्वेरीज नावाची सोय आहे. तिथे उपचार, निदान, भाकीत असा प्रकार निवडता येतो. तिसऱ्या पायरीवर प्रश्नाची जात ठरवून घेतली ती यासाठीही.

कुणाला दाखवायचा

आधी इन्चार्ज सिस्टरना, मग त्या वॉर्डात कधीच काम न केलेल्या एका मैत्रिणीला. इन्चार्ज सी मधली थाप पकडतील ("अगं, आपण असं कुठं करतो?"), मैत्रीण ओ मधला धूसरपणा पकडेल. ट्यूटर मॅडमना त्यानंतर दाखवा; त्या चौकट तपासतील, वॉर्ड तपासू शकणार नाहीत.

उत्तर सापडलं आणि ते वॉर्डाला जुळतंय, तर पद्धत बदलून ऑडिट, म्हणजे नोंदी ठेवून पडताळणी, चालू ठेवा. इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. उत्तर सापडलंच नाही आणि स्वतः चाचणी करायची ठरली, तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवं. नोंदणीच्या फॉर्ममध्ये मुख्य परिणाम आणि तो कधी मोजणार हे वेगळ्या रकान्यांत विचारतात. ओ आणि टी नीट लिहिलेले असतील तर ते जसेच्या तसे तिथे उतरवता येतात.

ऑडिटचा कागद एका पानाचाच ठेवा: बेड नंबर, लावल्याची तारीख-वेळ, हाताची जागा, शिफ्टनिहाय स्कोअर, काढल्याची वेळ, काढण्याचं कारण, नवीन लावायला किती वेळा टोचलं. 'काढण्याचं कारण' समोर रिकामी जागा सोडू नका. दुखणं, सूज, बंद पडली, झिरपली, गरज संपली, नियम म्हणून, असे पर्याय छापून घ्या आणि फक्त गोल करायला सांगा. नाइटच्या सिस्टरला सकाळी सहाला तेवढंच जमतं.